टोपली कुणी शिवली? अलास्कातल्या युपिक गवती टोपल्यांच्या मागे

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याची पूजा सकाळी लवकर आटपली, नवऱ्याला आणि मुलाला श्रीखंड-पुरीचं वाढून ठेवलं आणि दुपारच्या विमानाने सिअ‍ॅटलहून अँकरेजला निघाले. अलास्काला लोक जूनमध्ये क्रूझने जातात, ग्लेशियर बघतात, व्हेल बघतात, मला बघायच्या होत्या टोपल्या आणि त्यासाठी ऑक्टोबरच हवा, कारण ज्या गवताच्या त्या होतात ते गवत याच सुमारास कापतात, आणि शिवाय अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ह्ज म्हणजे एएफएन या इथल्या मूळ रहिवाशांच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन याच आठवड्यात अँकरेजला होतं, तिथे गावोगावचे कारागीर आपापल्या वस्तू घेऊन बसतात.

या टोपल्या म्हणजे पश्चिम अलास्कातल्या युपिक या मूळ रहिवासी समाजाच्या बायका करतात त्या गवताच्या, झाकणाच्या, गोल टोपल्या. युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन मोठ्या नद्या बेरिंग समुद्राला मिळतात तिथला सगळा सखल दलदलीचा मुलूख युपिकांचा. माझ्याकडे पहिली टोपली आली ती सिअ‍ॅटलमधल्या एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं तिथून. फिकट सोनेरी रंग, पोटावर हिरवी-तांबडी फुलपाखरं, झाकण असं बसतं की फिरवून उघडावं लागतं. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर फक्त 'एस्किमो बास्केट'. कुणी केली, कुठल्या गावात, कधी, काही नाही. त्यानंतर मी जमवत गेले आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या टोपलीची हीच गत. एखादं साधं तैलचित्र असलं तरी खाली सही असते ना, मग ज्या वस्तूला एखाद्या बाईचा अख्खा हिवाळा लागलाय तिच्यावर नाव का नसावं, हे डोक्यातून जाईना.

संध्याकाळी डाउनटाउनमध्ये फिरले. एका गिफ्ट शॉपमध्ये अगदी तशाच दिसणाऱ्या, गवत गोल गुंडाळत शिवलेल्या टोपल्या एका ओळीत मांडलेल्या, उचलून बघितलं तर गवत वेगळं, टाके लांब लांब, आणि तळाला बाहेरच्या देशाचा शिक्का. १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अ‍ॅक्टनुसार परकी वस्तू नेटिव्ह कारागिराची म्हणून विकणं हा गुन्हा आहे, पण नुसतं शेजारी मांडून ठेवलं आणि तोंडाने काहीच म्हटलं नाही तर गिऱ्हाईक आपलं आपणच समजून घेतं. ओळखीसाठी अलास्का राज्याचं 'सिल्व्हर हँड' नावाचं चिन्ह आहे, ते वस्तूवर असलं तर कारागीर अलास्का नेटिव्ह आहे याची खात्री.

रविवार

अख्खा दिवस अँकरेज म्युझियममध्ये. तिथे स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेचं आर्क्टिक स्टडीज सेंटर आहे, त्याच्या दालनात २०१० पासून, वॉशिंग्टनमध्ये कपाटात बंद असलेल्या सहाशेच्या वर वस्तू इथे परत अलास्कात आणून मांडल्यात. परत म्हणजे उसन्या, मालकी अजून स्मिथसोनियनचीच, पण इथली माणसं येऊन बघू शकतात आणि म्हातारी माणसं सांगू शकतात की ही वस्तू कशासाठी होती, हे मोठं काम आहे.

युपिक वस्तूंपैकी बऱ्याच एका माणसाने जमवलेल्या, एडवर्ड नेल्सन. १८७७ ते १८८१ या काळात हा सेंट मायकेल या ठाण्यावर हवामानाच्या नोंदी ठेवायला होता आणि सवडीच्या वेळात कुत्र्यांच्या गाडीवरून गावोगाव हिंडून रोजच्या वापरातल्या वस्तू विकत घ्यायचा. सुया, चमचे, गळ, चटया, पिशव्या. तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'फालतू वस्तू विकत घेणारा माणूस'. हजारो वस्तू त्याने पाठवल्या आणि गावाची नोंद बऱ्याचदा केली. करणाऱ्या बाईचं नाव मात्र नाही. ज्या बेटावर मी मंगळवारी जाणार होते त्या बेटाला नाव त्याचं, नेल्सन आयलंड. तिथले लोक बेटाला कालूयाक म्हणतात.

गवताच्या जुन्या वस्तू बघताना एक गोष्ट स्पष्ट होते. आधी गवत हे घरातलं रोजचं साहित्य होतं. झोपायच्या चटया, मासे आणि सामान वाहायच्या इस्रान नावाच्या जाळीदार पिशव्या, कातडी बुटाच्या आत घालायचे मोजे, तळव्याखाली ऊब राहावी म्हणून दाबून भरलेलं नुसतं वाळकं गवत. चटया-पिशव्या दोन धागे एकमेकांना पीळ घालत विणलेल्या. गुंडाळून शिवायची पद्धतही जुनीच, पण झाकणाची नक्षीदार टोपली मोठ्या प्रमाणावर व्हायला लागली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, व्यापारी, मिशनरी, शाळामास्तर विकत घ्यायला लागले तेव्हा. यावरून काही कलेक्टर नाक मुरडतात की ही टूरिस्ट लोकांसाठीची कला, अस्सल नाही. मला हे अजिबात पटत नाही. ज्या घरात रोख पैसा फारसा येतच नव्हता तिथे बाईने आपल्या हातच्या कलेतून रॉकेल, पीठ, बंदुकीच्या गोळ्या आणल्या आणि ते करताना कला चढत गेली, तर ती कमअस्सल कशी झाली? पैठणीसुद्धा कुणीतरी विकत घ्यायचं म्हणूनच विणली गेली.

एका काचेच्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिले. जुन्या टोपलीत रंगवलेल्या सीलच्या आतड्याच्या पट्ट्या टाक्यांच्या खालून ओवलेल्या होत्या, पातळ, जरा चकाकणाऱ्या. असं काम आता क्वचितच दिसतं, रंग बहुतेक दुकानातल्या पुडीचे असतात. आतड्याच्या पट्ट्यांची जुनी टोपली कुणी भारतात न्यायचा विचार करत असेल तर सांगून ठेवते, १९७२ च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यामुळे ती अमेरिकेबाहेर नेण्यावर बंधनं आहेत, आधी चौकशी करा. नुसत्या गवताच्या टोपलीला हा कायदा लागत नाही.

सोमवार

अँकरेज ते बेथेल, जेट विमानाने सव्वा तास वगैरे. रस्ताच नाही, बाहेरून इथे यायचं तर विमान नाहीतर उन्हाळ्यात नदीतून. खिडकीतून खाली बघितलं तर जमीन कमी आणि पाणी जास्त, हजारो तळी. झाडं जवळजवळ नाहीत.

बेथेल साधारण सहा हजार वस्तीचं, घरं खांबांवर उभी, कारण खालची जमीन कायम गोठलेली आणि घराच्या उबेने ती वितळली तर घर खचतं. टॅक्सीवाले अल्बानियन आणि कोरियन, खरंच, बेथेल त्यासाठी प्रसिद्धच आहे. माझे टॅक्सीवाले काका अल्बानियाचे, वाटेत आणखी दोन प्रवासी घेतले, सगळ्यांची नावं त्यांना पाठ. सिअ‍ॅटलला माझ्या शेजारी राहायची ती मैत्रीण आता इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्याकडे उतरले. तिने मुगाची खिचडी करून ठेवली होती, मी आणलेलं लोणचं बघून तिला रडूच यायला लागलं.

मंगळवार

सकाळी नऊ वाजून गेले तरी उजाडलं नव्हतं. विमान आजच होतं पण समुद्राकडे ढग खाली उतरलेले, रद्द. इथे यावर कुणी चिडत नाही, उद्या बघू म्हणतात आणि चहा टाकतात.

मग युपीत पिच्यार्याराइत म्युझियममध्ये गेलो. छोटंसं आहे पण स्वतःच्या लोकांनी स्वतःच्या वस्तू ठेवलेलं, हा फरक पावलोपावली जाणवतो. तिथे एका बाईंनी टोपली बघायला शिकवलं. आधी उपडी करायची. तळाचा मधला ठिपका बघायचा, सुरुवात किती बारीक आणि घट्ट आहे, कारण तिथे गवत सगळ्यात जास्त वाकवावं लागतं. मग बाजूने नजर फिरवायची, प्रत्येक वळी, म्हणजे गुंडाळीचा एकेक फेरा, सारख्या जाडीची आहे का. मग झाकण. मग आत हात घालून बोटं फिरवायची, आतल्या बाजूला टोकं कशी लपवलीत ते कळतं. रंग शेवटी बघायचे, कारण रंगाला डोळे आधी भुलतात. आणि उन्हात ठेवायची नाही, रंग उडतो आणि गवत ठिसूळ होतं.

बुधवार

विमान मिळालं. सहा-सात माणसांचं, पायलटच्या मागेच बसले. चढायच्या आधी सामानाचं आणि माझं, दोघांचं वजन विचारून घेतलं. टोक्सूक बेला पोचायला तासभर लागला, शेवटी सपाट मुलखातून एकदम डोंगर वर येतात ते नेल्सन आयलंड. गाव समुद्राला लागून, वर पवनचक्क्या, लोक फोर व्हीलर बाईकवरून फिरतात. गाव तसं नवं, १९६४ मध्ये नाइटम्यूटहून काही घरं इथे येऊन वसली. २०२० ची अमेरिकेची जनगणना याच गावापासून सुरू झाली होती, इथल्या एका आजींचं नाव पहिलं लागलं.

माझ्या मैत्रिणीच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीची आजी इथे राहते. त्यांचं नाव माझ्या वहीत आहे आणि टोपलीबरोबरच्या चिठ्ठीवर आहे, पण नेटवर नको म्हणाल्या म्हणून इथे आजीच म्हणते. अंगात फुलाफुलांचा कस्पक, म्हणजे टोपीचा सुती झगा, पुढे मोठा खिसा. 'चामाई' म्हणून दोन्ही हातांनी हात धरला. आल्या आल्या खायला वाढलं, सुकी हेरिंग आणि सीलचं तेल, वर पायलट ब्रेड नावाचं कडक बिस्कीट. सुकी मासळी मी लहानपणापासून खात आलेय त्यामुळे हेरिंग लगेच आवडली, सीलच्या तेलाला दोन-तीन घास लागले. तर गंमत ही की या हेरिंगलाही गवतच लागतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हेरिंग येते तेव्हा मासे गवतात वेणीसारखे गुंफत जातात आणि ती लांब माळ वाळायला टांगतात. दोरी, खिळा काही नाही.

दुपारी ऊन पडलं म्हणून आजी म्हणाल्या चला. त्या, त्यांची चौदा-पंधरा वर्षांची नात, आणि मी. फोर व्हीलरवरून किनाऱ्याच्या कडेकडेने गेलो. समुद्राच्या वाळूच्या जरा वर हे गवत उभं, कमरेपर्यंत, तापेर्नाक म्हणतात त्याला, किनाऱ्यावरचं 'वाइल्ड राय' नावाचं गवत. उन्हाळ्यात निळसर हिरवं असतं, मग कडक थंडीच्या रात्री येऊन गेल्या की सोनेरी होतं आणि तेव्हाच घ्यायचं. फार आधी घेतलं तर हिरवट राहतं आणि वाळून आक्रसतं, मग शिवलेली वळी सैल पडते. फार उशीर केला तर वारा-पाऊस पाती फाडून टाकतो, डाग पडतात. म्हणजे मोजक्या आठवड्यांची गोष्ट, आणि त्यातही पाऊस नसलेला दिवस हवा.

आजी सगळं सरसकट कापत नव्हत्या. एक एक झुडूप बघून, बाहेरची जाड पाती बाजूला सारून, हातात येतील तेवढी मूठ मूठ घेत होत्या. नात भरभर कापायला लागली तर युपिकमध्ये काहीतरी बोलल्या, ती हसली आणि हळू झाली. मी विचारलं काय म्हणाल्या, तर नात म्हणाली, 'आजी म्हणते आत्ता घाई केलीस तर जानेवारीत रडशील.' जुड्या बांधून गाडीवर लादल्या. वारा इतका की बोटं वळेनात. संध्याकाळी घराच्या पडवीत सगळ्या जुड्या उलट्या टांगल्या, आता त्या कित्येक आठवडे तशाच वाळणार.

त्या रात्री कोजागिरी होती. आकाश मोकळं, चंद्र इतका मोठा, खाडीचं पाणी चमकत होतं. मसाला दुधाऐवजी पावडरच्या दुधात सोबत नेलेली वेलची-केशराची पूड घातली, आजींनी कप दोनदा भरून घेतला.

गुरुवार

दिवसभर धुकं, विमानाचं नाव नको. माझ्यासाठी याहून चांगलं काय.

आजींनी मागच्या वर्षीचं वाळलेलं गवत काढलं. आधी निवडणं. जाड पाती वेगळी, मधली वेगळी, सगळ्यात आतली बारीक मऊ पाती वेगळी. आतली असते ती शिवायला, बाकीची भरायला. मला निवडायला बसवलं. नखाने पातं उभं चिरायचं, कडा काढून टाकायची, रुंदी सारखी ठेवायची. शिवायची पाती ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, नाहीतर मोडतात.

मग सुरुवात. भरायच्या गवताची बारीक जुडी घेऊन डोक्यावरच्या चुंबळीसारखी वळवायची, फक्त ही चुंबळ हरभऱ्याच्या दाण्याएवढी. त्यावर शिवायचं पातं गुंडाळत गुंडाळत सुई आधीच्या वळीतून पार काढायची, ओढायची, परत. पूर्वी हाडाच्या टोच्याने भोक पाडायचे, आता लोखंडी सुई. जुडी जरा बारीक झाली असं बोटांना जाणवलं की त्यात नवं पातं सारायचं, आणि हे इतकं सहज होतं की बघणाऱ्याला कळतही नाही, पण वळी सारखी राहते ती यानेच. मोजपट्टी नाही, कागदावर नक्षी नाही. पोट किती फुगवायचं, मान कधी आवळायची ते प्रत्येक वळी आधीच्या वळीच्या जरा बाहेर की जरा आत ठेवायची त्यावर. नक्षी आली की रंगवलेलं पातं घ्यायचं, त्याचे टाके मोजत जायचे, पुढच्या फेरीत एक टाका सरकवायचा. आजी हंस काढतात, वसंतात परत येतात ते. फुलपाखरंही काढतात कारण लोकांना आवडतात, त्याबद्दल त्यांना काही कमीपणा वाटत नाही. झाकण शेवटी, आणि झाकण जमलं नाही तर उसवायचं, त्यात तडजोड नाही.

मी विचारलं एका टोपलीला किती वेळ. मुठीएवढी असेल तर रोज संध्याकाळी बसून दोनेक आठवडे, मोठी असेल तर सगळा हिवाळा. यात गवत कापणं, वाळवणं, निवडणं धरलेलं नाही. मग नातीने तिची अर्धवट टोपली आणून दाखवली, मिंगकाक म्हणाली, बशीएवढी झाली होती. आजींनी ती हातात घेतली, एका ठिकाणी अंगठा फिरवला, आणि काही न बोलता परत दिली. नात लगेच खाली बसली आणि तेवढा भाग उसवायला घेतला. कुणी रागावलं नाही, कुणी कौतुक केलं नाही, तरी शिकवणं झालं.

माझ्या जुन्या टोपल्यांचे फोटो फोनवर दाखवले. फुलपाखराची बघून आजींनी फोन जवळ घेतला, मोठा करून बघितला. म्हणाल्या कुणाची ते सांगता येत नाही, पण वळी अशी जाड ठेवणाऱ्या आणि मान इतकी आवळणाऱ्या बायका किनाऱ्याच्या वरच्या गावांत होत्या, हूपर बे, चेवाक तिकडे. म्हणजे टोपलीत हस्ताक्षर असतंच, वाचणारी माणसं आहेत तोवर ते वाचून नाव-गाव लिहून घेतलं पाहिजे. ही माणसं सगळी सत्तर-ऐंशीच्या घरातली आहेत. म्युझियमवाल्यांनी, कलेक्टरांनी, ज्यांच्याकडे म्हणून अशा टोपल्या आहेत त्या सगळ्यांनी निदान फोटो तरी या गावांत पाठवावेत असं मला फार मनापासून वाटतं.

शुक्रवार

दुपारी धुकं उठलं, विमान आलं, बेथेलला दोन तास, रात्री अँकरेज. पाठीवरच्या सॅकमध्ये आजींची हंसांची टोपली, टॉवेलमध्ये गुंडाळून. किंमत त्यांनी सांगितली तीच दिली. 'कुयाना' म्हणाल्या. मीही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

एएफएनचा शेवटचा दिवस. देनाइना सेंटरमध्ये टेबलांच्या रांगाच रांगा, मण्यांचं काम, कातडी बूट, वॉलरस या समुद्रप्राण्याच्या सुळ्यांचं कोरीव काम, कस्तुरी बैलाच्या लोकरीच्या टोप्या. उत्तरेच्या इनुपिआक लोकांच्या बालीनच्या, म्हणजे व्हेलच्या तोंडातल्या गाळणीसारख्या पट्ट्यांच्या, टोपल्याही होत्या, काळ्याभोर, वर वॉलरसच्या सुळ्याची मूठ, त्या करायला पुरुषांनी सुरुवात केली आणि तीही शंभरेक वर्षांपूर्वीच. दक्षिणेकडच्या लिंगिट लोकांच्या स्प्रूसच्या मुळांच्या टोपल्या विणलेल्या असतात, त्यांचे भाव युपिक टोपल्यांच्या कितीतरी पट. कलेक्टर लोकांत हा भेद फार जुना आहे आणि माझ्या मते चुकीचा आहे, नाजूकपणा हीच एक कसोटी धरली की ठसठशीत, घडीव आकाराला न्याय मिळत नाही.

एका टेबलाशी एक गृहस्थ चारशे डॉलरच्या टोपलीला अडीचशे देतो म्हणून अडून बसले होते, 'शेवटी गवतच आहे' म्हणाले. विकणाऱ्या बाई गप्प. मला राहवलं नाही, मी त्यांना गवत कापण्यापासून सगळं सांगितलं, वाऱ्यात बोटं वळत नाहीत ते, निवडणं, जानेवारी, उसवणं, सगळं. ते ऐकून घेऊन निघून गेले. टोपली मी घेतली, चारशेला. बाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं की चिठ्ठीवर तुमचं नाव हवंय, तर त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, स्वतःचं नाव, युपिक नाव, गाव, आणि खाली आईचं नाव, कारण शिकवलं आईने.

हे लिहिताना

ट्रिपला वर्ष झालं बरोबर त्याच दिवसांत, १२ ऑक्टोबर २०२५ ला, हालोंग वादळाचे अवशेष या किनाऱ्यावर धडकले. किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांत घरं पायावरून उचलली जाऊन वाहत गेली, हजाराहून जास्त माणसं विमानांनी बाहेर काढली आणि बरीच जण अँकरेजला आली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये मेरबोक वादळ येऊन गेलं होतं. दोन्ही वेळा गवताचेच दिवस. टोक्सूक बेच्या आजी ठीक आहेत, नातीचा मेसेज आला होता.

कुणाला जायचं असेल तर एएफएनच्या तारखा आधी बघा, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये असतं, बहुतेक अँकरेजला आणि कधीकधी फेअरबँक्सला. रोख पैसे न्या. फोटो काढायच्या आधी विचारा. किमतीवर घासाघीस करू नका. आणि वही-पेन जवळ ठेवा, नाव, गाव, वर्ष करणाऱ्या बाईंच्याच हाताने लिहून घ्या, आणि ती चिठ्ठी चिकटवू नका, टोपलीच्या आत ठेवा, गोंदाने गवत खराब होतं.